बी.कॉम.च्या पोरांना बिझनेस इंग्लिश: मूडल घ्यावं का गुगल क्लासरूमवरच राहावं?

परभणीची_मॅडम
नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, दोन वर्षं झाली बी.कॉम. सेकंड इयरचं बिझनेस इंग्लिश माझ्याकडं आहे. पोरं ७०, निम्मी एसटीनं येणारी, सोयाबीनची काढणी लागली की वर्ग अर्धा रिकामा. म्हणून मागच्या वर्षी गुगल क्लासरूमवर पीडीएफ टाकल्या, चौकशीचं पत्र लिहायला दिलं, तर चाळीसच्या वर पत्रं शब्दाला शब्द सारखी, रिसीव्हच्या स्पेलिंगात आय आणि ईची अदलाबदल झालेली तीसुद्धा सगळ्यांकडं तीच. लई वाईट वाटलं. पोरं हुशार आहेत हो, मोंढ्यात भाव करायला लागली तर भल्याभल्यांना ऐकत नाहीत, पण इंग्रजीत एक वाक्य बोला म्हणलं की मान खाली. त्यांचं तोंड उघडेल असं ऑनलाइन काय आहे? ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी सांगा, नुसती ॲपची यादी नको.

लातूरकर_मास्तर
मॅडम, कॉपीचा त्रास मलाही होता, मूडलनं, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरनं, बराच कमी झाला. फुकट आहे, २००२ पासून चालू आहे, फक्त सर्व्हर लागतो, तेवढं कॉलेजाकडून मंजूर करून घ्या. त्यात फोरमचा एक प्रकार आहे, क्यू अँड ए म्हणून, स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्याचं दिसतच नाही, आणि टाकल्यावरही लगेच नाही, दुरुस्तीची वेळ संपली की मग दिसतं, ती वेळ आपण बदलली नाही तर अर्धा तास असते. दुसरं, मोबाईल ॲपवर धडा कॉलेजच्या वायफायवर उतरवून घेता येतो, क्विझलाही ऑफलाइनची परवानगी देता येते, मग पोरगं शेतात बसून सोडवतं आणि रेंज आली की पाठवतं. गावाकडच्या पोरांसाठी मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

जालना_मोसंबी
मी शिक्षक नाही, फळं बाहेर पाठवायचं काम करतो, तरी बोलतो कारण नवीन पोरं माझ्याकडंच येतात. पत्राचा नमुना सगळ्यांना पाठ असतो, पण दुबईचा गिऱ्हाईक फोनवर विचारतो एफओबी सांगायलास का सीआयएफ, तिथं गप्प. एफओबी म्हणजे बोटीवर माल चढेपर्यंतचा खर्च आपला, सीआयएफमध्ये पुढचं बोटीचं भाडं आणि विमासुद्धा आपण भरायचा, एवढं उलटसुलट झालं की फायदा गेलाच. तसंच थकलेले पैसे मागायचा मेल, माणूस दुखावला नाही पाहिजे आणि पैसे तर आले पाहिजेत. असलं लिहून घ्या पोरांकडून, माल जालन्याची मोसंबी नाहीतर मराठवाड्याचा केसर आंबा घ्या, जोड्या लावा, एक विकणारा एक घेणारा, आणि व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेजनं सौदा करू द्या.

नांदेड_पीजी
मी 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर कोर्स केलाय. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानं एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, पण आपलं कॉलेज ते धरतं का हे आधी विचारा. व्हिडिओ चांगले होते, पण माझी चूक मला सांगणारं कुणी नव्हतं, बोलायचा सराव तर झालाच नाही. जोडीला ठेवा, नुसतं त्याच्यावर सोडू नका.

परभणीची_मॅडम
सगळ्यांचे आभार. मूडलचं प्रिन्सिपल सरांच्या कानावर घातलंय, तोवर मोसंबीचा सौदा सुरू केला. काल एका पोरीचा मेसेज आला, मागं पिठाच्या गिरणीचा आवाज, तीनदा अडखळली, पण भाडं आमच्याकडं नाही हे बरोबर सांगितलं तिनं इंग्रजीत, आणि सांगून झाल्यावर मराठीत हळूच "जमलं का मॅडम?" मी ते चारदा ऐकलं. आता अडचण अशी की ७० जणांचे आवाज ऐकायचे कधी?

लातूरकर_मास्तर
सगळे एका आठवड्यात ऐकू नका, थकाल. मी १५ जणांचे ऐकतो, प्रत्येकाला एकच चूक सांगतो तीही आवाजातच, बाकीच्यांनी आपापल्या जोडीदाराचं ऐकून एक प्रश्न विचारायचा. पाच आठवड्यांत सगळ्यांची पाळी येऊन जाते.