अमेरिकन मरीनची बोली: बूट, डेक, स्कटलबट, गंग-हो

मरीन म्हणजे अमेरिकेच्या मरीन कोअर या दलातला जवान, त्याच्या तोंडी 'बूट' म्हणजे पायातला बूट नाही, नुकतंच ट्रेनिंग उरकून युनिटमध्ये आलेलं नवखं पोरगं, आणि शब्दात हेटाळणी असते, त्यामुळे 'नवीन जवान' असं सपक भाषांतर करू नका, 'नवशिक्या' जास्त जवळ जातं.

बाकीच्या बऱ्याच शब्दांचं मूळ जहाजात आहे. हे दल नेव्हीच्या खात्यातलं, स्थापना १० नोव्हेंबर १७७५ ची मानतात, त्यामुळे समुद्रापासून लांब बराकीत असले तरी जमीन म्हणजे डेक, भिंत म्हणजे बल्कहेड, दार म्हणजे हॅच आणि संडास म्हणजे हेड. टोपीला कव्हर, पलंगाला रॅक. मला सगळ्यात आवडतो तो 'स्कटलबट'. पूर्वी जहाजावर पिण्याच्या पाण्याचं पिंप असायचं त्याचं हे नाव, खलाशी पाणी प्यायला आले की तिथेच गप्पा, मग अफवेलाही तेच नाव पडलं, अगदी आपल्या पाणवठ्यावरच्या गप्पांसारखं.

काही शब्द लढाया आणि परदेशातल्या नेमणुकांमधून आलेत. 'बूनडॉक्स' म्हणजे आडरान, हा फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेतला 'बुंदोक' म्हणजे डोंगर, तिथल्या युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांनी उचलला. 'गंग-हो' चिनी. तिकडे ते औद्योगिक सहकारी संस्थांच्या लांबलचक नावाचं नुसतं छोटं रूप होतं, पण इव्हान्स कार्लसन या मरीन अधिकाऱ्याने चीनमध्ये ते ऐकलं, 'मिळून काम करू' असा अर्थ लावला आणि १९४२ मध्ये आपल्या रेडर (छापामार) बटालियनचं घोषवाक्य केलं. आज अर्थ आणखी सरकलाय, अति उत्साही माणूस.

'लेदरनेक' हे मरीनचं टोपणनाव १७९८ ते १८७२ गणवेशात असलेल्या कातडी गळपट्ट्यावरून, हे ठीक. पण 'डेव्हिल डॉग' (सैतानी कुत्रा) हे नाव पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या फ्रान्समधल्या बेलो वूडच्या लढाईत जर्मनांनी घाबरून दिलं ही गोष्ट जिथे तिथे चिकटवतात ती मला अजिबात पटत नाही, कारण लढाई जूनमधली आणि अमेरिकन पेपरांत हे नाव एप्रिलमध्येच छापून आलेलं, शिवाय सांगितलं जाणारं 'टॉयफेल हुंडेन' हे जर्मनच चुकीचं आहे, खरा जर्मन 'टॉयफेल्सहुंडं' म्हणेल. नाव मात्र मरीन अभिमानाने मिरवतात, आणि वरिष्ठाने एखाद्या पोराला 'ए डेव्हिल डॉग' अशी हाक मारली की बहुतेक झापणार असतो.

आणि एक, बातम्यांमध्ये मरीनला सरसकट 'नौसैनिक' लिहितात ते कृपया थांबवा. नौसैनिक म्हणजे नेव्हीचा माणूस, मरीन हे वेगळं दल, आणि त्यांना 'सोल्जर' म्हटलेलंही खपत नाही, तो शब्द आर्मीचा. सरळ 'मरीन' लिहावं, वाचणाऱ्याला कळतं.

आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांना फौजेत 'गणपत' म्हणतात, तसे अजून शब्द कुणाच्या घरी फौजी असतील तर इथे टाका ना, अर्थासकट.