एमडीएस ओरल पॅथॉलॉजी : खोलीवर ठेवायला मायक्रोस्कोप, बजेट ४५ हजार. काय घ्यावं?

वऱ्हाडी_पॅथो
नमस्कार मंडळी. एमडीएसचं (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) पहिलं वर्ष, ओरल पॅथॉलॉजी. थिसिसचा विषय सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं अस्तर आतून घट्ट होऊन तोंड उघडेनासं होतं तो आजार. खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला) खाणाऱ्यांच्या बायॉप्सीत कोलॅजन (तंतूंचं प्रथिन) कसं बदलत जातं ते पिक्रोसिरियस रेड या स्टेनने बघायचंय. सिनॉप्सिस नाशिकला, आरोग्य विद्यापीठाकडे गेलाय. विभागात धड मायक्रोस्कोप एकच आहे आणि त्यावर सर रिपोर्टिंग करतात. बाकीचे बीडीएसच्या पोरांनी पिदडलेत, फोकस लावून हात काढला की स्टेज आपोआप खाली उतरतं. रात्री खोलीवर स्लाइड बघता याव्यात म्हणून स्वतःचा घ्यायचाय. बजेट ४५ हजार, वर एक रुपया नाही. स्टायपेंड किती आणि कधी मिळतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. मोबाइल लावून फोटो निघाले तर सोन्याहून पिवळं. कोणी काय घेतलंय आणि ते कसं चाललंय, सांगा.

दाढवाला
निकॉन ई२००. डोळे झाकून घे. माझ्याकडे ट्रायनॉक्युलर (तिसरी नळी असलेला) आहे, वर कॅमेरा. किंमत लाखाच्या बरीच वर जाते, पण एकदाच घ्यायची वस्तू आहे. माझ्या थिसिसचे फोटो बघून परीक्षक म्हणाले होते, हे कुठल्या पुस्तकातले?

वऱ्हाडी_पॅथो
सर, ४५ हजार.

दाढवाला
बजेट वाढव. ईएमआय कशाला असतात?

नगरी_लॅब
ऑनलाइन घेऊ नका एवढंच सांगतो. साइटचं नाव घेत नाही. खोक्यावर '२००० पट' असं ठसठशीत छापलेलं. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली (स्लाइडजवळची लेन्स) मधलं केंद्रक धरलं की कडेच्या पेशी धुक्यात, कडेच्या धरल्या की मधलं गायब. तक्रार केली तर म्हणे तुमची स्लाइड जाड आहे. अहो, स्लाइड चार मायक्रॉनची होती! २००० पट लिहिलेलं दिसलं की खेळणं समजायचं. ऑइल लेन्सला हजार-बाराशे पटीपुढे नवीन काही दिसत नाही, तेच चित्र फुगवून दिसतं. ऑब्जेक्टिव्हवर 'प्लॅन' (म्हणजे कडेपर्यंत सारखा फोकस) लिहिलेलं असेल तरच खिशात हात घाला.

कुडाळकर_पॅथॉलॉजिस्ट
आधी तू राहतेस कुठे ते सांग. आमच्याकडे मृग लागला की लेन्सवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, आणि ते काचेवरचं कोटिंग खातात, म्हणजे पुसून सगळं जात नाही. एक ऑब्जेक्टिव्ह असाच गेला. आता सिलिका जेल घालून हवाबंद पेटीत ठेवतो, आणि पेटीत लहान बल्ब रात्रभर चालू.

वऱ्हाडी_पॅथो
यवतमाळ. बुरशी नाही, धूळ मात्र मागाल तेवढी.

अंबालेकर
थेट अंबाला कॅन्टमधून मागवा. गल्लोगल्ली मायक्रोस्कोप बनतात तिथे. तुमच्या बजेटात प्लॅन ऑब्जेक्टिव्ह, एलईडी, ट्रायनॉक्युलर, सगळं बसतं. मी घेतलाय, छान चाललाय. फक्त स्टेजचा रॅक जरा घट्ट आहे आणि डावा आयपीस सैल. पण छान आहे.

थिसिस_झाला_एकदाचा
मायक्रोस्कोपचं राहू दे, विषय बदलता येतो का बघ. सबम्युकस फायब्रोसिसवर महाराष्ट्रातल्या प्रत्येक डेंटल कॉलेजच्या कपाटात थिसिसचे गठ्ठे पडलेत. पुन्हा कोलॅजन मोजून काय नवीन निघणार?

वऱ्हाडी_पॅथो
ओपीडीत पंचविशीतली पोरं येतात, तोंडात दोन बोटं जात नाहीत. इथे तोच आजार आहे, मी अमेलोब्लास्टोमा (जबड्याची गाठ) कुठून आणू?

श्रीवर्धन_रोठा
विषयाचं शीर्षक वाचून आलो. आमची सुपारीची वाडी आहे. आजोबा जन्मभर सुपारी खात होते, नव्वदीत गेले, तोंड व्यवस्थित उघडत होतं. दोष तंबाखूचा असतो, बदनाम सुपारी होते.

थिसिस_झाला_एकदाचा
काका, सबम्युकस फायब्रोसिसमध्ये मुख्य गुन्हेगार सुपारीच आहे. तिच्यातलं अरेकोलिन फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजन तयार करायला लावतं. वर सुपारीत तांबं भरपूर. त्याने लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम चेकाळतं आणि कोलॅजनचे धागे असे एकमेकांत गुंततात की शरीराला ते मोडता येत नाहीत. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २००४ मध्येच तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कॅन्सरकारक ठरवली आहे. आजोबांना दीर्घायुष्य लाभलं, आनंद आहे.

श्रीवर्धन_रोठा
मग सरकार झाडं तोडायला सांगत नाही ते?

खरवस
सरकारने २०१२ ला गुटखा बंद केला तेव्हा काय झालं? पाकिटं टपरीच्या काउंटरखाली गेली. आणि आमच्या विदर्भात खर्रा तर समोर पन्नीत घोटूनच मिळतो, त्याला पाकीटही लागत नाही.

इतिहासाचे_वेड
प्रस्तावना लिहिताना एक चूक टाळा. हा आजार १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशींनी पहिल्यांदा नोंदवला.

दाढवाला
चूक. १९५२, श्वार्ट्झ. केनियातल्या पाच भारतीय बायका.

इतिहासाचे_वेड
श्वार्ट्झने नाव वेगळं दिलं होतं. 'सबम्युकस फायब्रोसिस' हे जोशींचं.

दाढवाला
मग 'पहिल्यांदा नोंदवला' कशाला लिहिता? 'नाव दिलं' लिहा.

संपादक
दोघांनीही नवा धागा काढावा. इथे मायक्रोस्कोपबद्दल बोला.

निवृत्त_मास्तर
सगळं वाचलं. बेटा, तू पिक्रोसिरियस म्हणालीस आणि इतक्या लोकांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही की पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारी फिल्म) कुठाय? साध्या प्रकाशात तुला नुसतं लाल दिसेल. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर कोलॅजन चमकताना बघायचं तर दोन पोलरायझर एकमेकांना आडवे लागतात. त्यासाठी वेगळा मायक्रोस्कोप नको. पोलरायझिंग फिल्मचा एक तुकडा खाली दिव्यावर ठेव, दुसरा बायनॉक्युलर हेड जिथे बसतं तिथे आत. वरचा पक्का बसव आणि पूर्ण अंधार होईपर्यंत खालचा फिरव. थ्रीडी सिनेमाच्या चष्म्याची काच वापरू नकोस, ती सर्क्युलर असते, मनासारखा अंधार होणार नाही.

दुसरं. तंतू पोलरायझरच्या दिशेत आला की काळा पडतो. तिथे कोलॅजन नाही असं समजून पोरं मोकळी होतात. म्हणून स्लाइड फिरवून बघ, आणि फोटो नेहमी एकाच पद्धतीने घे.

तिसरं. जुन्किराच्या १९७९ च्या पेपरपासून सगळे लिहीत आलेत की लाल-पिवळं म्हणजे टाइप वन आणि हिरवं म्हणजे टाइप थ्री. रंग तंतूची जाडी आणि दाटी किती त्यावर बदलतो, स्लाइड जाड कापली तरी बदलतो. टाइप सांगायचा तर इम्युनो (अँटिबॉडी लावून केलेला स्टेन) करावं लागतं. 'हिरवं म्हणजे टाइप थ्री' असं छातीठोक लिहिलंस तर मी परीक्षक असतो तर तिथेच धरलं असतं. आणि विषय अजिबात बदलू नकोस. पिंडबोर्ग आणि सत्यवती सिरसाट यांनी १९६६ मध्ये या आजाराच्या चार पायऱ्या मांडल्या, त्या नुसत्या साध्या मायक्रोस्कोपखाली बघूनच ना? जुना मात्र घेऊ नकोस, सुटे भाग मिळत नाहीत.

हिस्टो_ताई
मास्तरांशी सहमत. माझी भर अशी की विद्यार्थ्यांच्या सेटमध्ये ४, १०, ४० आणि १०० येतात, २० नसतो. ओरल पॅथॉलॉजीत १०० ला हात कितीदा लागतो? कधीमधी कॅन्डिडाची बुरशी बघायला. तो काढून तिथे २० बसव, रोज दुवा देशील.

आणि पुढेमागे मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) मोजायची वेळ आली तर आयपीसवरचा एफएन (फील्ड नंबर) बघ. १८ चा असेल तर ४० खाली वर्तुळाचा व्यास ०.४५ मिमी, २२ चा असेल तर ०.५५. क्षेत्रफळात जवळपास दीडपट फरक पडतो. 'दहा हाय पॉवर फील्ड' असं नुसतं लिहून उपयोग नाही, चौरस मिलिमीटरमध्ये लिही. मोजणीसाठी क्यूपाथ किंवा इमेजजे हे सॉफ्टवेअर वापर, दोन्ही फुकट आहेत. जुना नको, हे माझंही मत.

नगरी_लॅब
जुना नकोच. आणि ऑब्जेक्टिव्हवर 'प्लॅन' बघा.

काळजीत_मुलगा
नमस्कार, मी डॉक्टर नाही. वडील पन्नाशीचे आहेत, सुपारी-तंबाखू खातात. हल्ली तिखट लागलं की तोंडाची आग होते आणि घास मोठा घेता येत नाही. हेच असेल का? मायक्रोस्कोपने कळतं का?

हिस्टो_ताई
दादा, फोरमवर निदान होत नाही. त्यांना या आठवड्यातच जवळच्या डेंटल कॉलेजला किंवा ओरल सर्जनकडे न्या. गालात आतून पांढुरके, घट्ट पट्टे लागतात का ते डॉक्टर बोटाने बघतील, गरज वाटली तर तुकडा काढतील. सुपारी आणि तंबाखू आजपासून बंद, निदान होईपर्यंत थांबू नका. तयार झालेले पट्टे सहसा आपोआप विरघळत नाहीत, पण पुढचं नुकसान रोखता येतं. यातून काहींना कॅन्सर होतो, म्हणून तोंड वरचेवर तपासून घ्यावं लागतं. जीभ किंवा गालावर न भरणारी जखम, लाल किंवा पांढरा चट्टा असेल तर आवर्जून सांगा.

काळजीत_मुलगा
धन्यवाद ताई. उद्याच नेतो. ऐकतील का माहीत नाही.

श्रीवर्धन_रोठा
तंबाखूच असणार.

अंबालेकर
अंबाल्याचा पत्ता हवा असेल तर व्यनि करा.

वऱ्हाडी_पॅथो
सगळ्यांचे आभार. घेतला. सगळे रागावणार, कारण जुना घेतला. अमरावतीला एक लॅब बंद होत होती, तिथला जुना ऑलिम्पस, बायनॉक्युलर, हॅलोजनवाला, १६० मिमी ट्यूबचा. १६ हजार. स्वतः जाऊन माझीच स्लाइड लावून बघितली. चारही ऑब्जेक्टिव्ह आयपीस काढून उजेडात तपासले, कुडाळकर सरांचे जाळ्याचे धागे कुठे दिसले नाहीत. स्टेज जागेवर थांबतं. कडेला थोडं धूसर आहे, प्लॅन नाही, पण मी कोलॅजन मधल्या भागातच मोजणार आहे.

जुनाच का, तर आमच्या विभागात डेडस्टॉकला लागलेले (वापरातून बाद) मायक्रोस्कोप त्याच १६० चे आहेत. त्यातल्या एकाचा २० चा ऑब्जेक्टिव्ह अजून लख्ख आहे. नवीन इन्फिनिटीवाल्यावर (त्याचे ऑब्जेक्टिव्ह वेगळ्या पद्धतीचे) तो चालला नसता. पोलरायझिंग फिल्म मागवली, मास्तरांनी सांगितलं तशी बसवली, अंधार झाला. पहिल्या स्लाइडमध्ये एपिथेलियमच्या (वरच्या अस्तराच्या) खाली नारिंगी पट्टा चमकला आणि मी रूममेटला उठवून दाखवला. उरलेले पैसे स्टेन आणि ब्लेडला. फोटोचं बघू, मोबाइल आयपीसला धरूनच काढतेय सध्या.

निवृत्त_मास्तर
शाब्बास. आता ऐक. डेडस्टॉकमधला ऑब्जेक्टिव्ह निर्लेखन (रजिस्टरमधून रीतसर कमी करणं) झाल्याशिवाय विभागाबाहेर नेऊ नकोस. स्टोअरकीपर वर्षभर ढुंकून बघणार नाही, आणि ऑडिट आलं की नेमका तोच मोजेल. सरांकडून लेखी घे, रजिस्टरला नोंद कर. आणि बसवण्याआधी त्याची उंची तुझ्या बाकीच्यांइतकी आहे का ते बघ. जुने आखूड ऑब्जेक्टिव्ह असतात, ४० वरून २० वर आलीस की फोकस पार हलेल.

वऱ्हाडी_पॅथो
उंची सारखी आहे. लेखी अर्ज दिलाय, सर म्हणाले कमिटी बसेल.

कुडाळकर_पॅथॉलॉजिस्ट
कमिटी बसेपर्यंत तुझी एमडीएस होईल. नवीन २० विकत घे.

दाढवाला
हॅलोजनचा बल्ब उडाला की कळेल.

पहिल्या_वर्षाचा_बकरा
ताई, अमरावतीच्या त्या लॅबमध्ये अजून एखादा शिल्लक आहे का? व्यनि केलाय. बजेट १२.