मुलांच्या उपचारासाठी सरकारनं वेगळा पैसा ठेवावा का?

शिवणकाम_राजारामपुरी:
आमच्या बचत गटात परवा यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथं विचारते. महात्मा फुले योजनेत आता सगळे रेशनकार्डवाले आलेत, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. मग पोरांसाठी वेगळं कशाला, असं बऱ्याच जणींचं म्हणणं. पण ते ५ लाख अख्ख्या घराला मिळून आहेत. मर्यादा दीड लाखाची होती तेव्हा सासऱ्यांच्या बायपासमध्ये बहुतेक रक्कम संपली, आणि त्याच वर्षी माझ्या धाकट्याचं ऑपरेशन निघालं. पाटल्या गहाण टाकून केलं. सासरे आजही म्हणतात, "सूनबाई, माझ्यामुळं पोराचं अडलं." म्हाताऱ्या माणसाला असं वाटावं हे मला सहन होत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्रानं ७० वर्षांवरच्यांना स्वतंत्र ५ लाख दिले, फार चांगलं केलं. तसं १८ वर्षांखालच्यांना का नाही? पोरांना मत नसतं म्हणून?

रंकाळा_वॉक:
ताई, दुखणं कळतंय. पण विमा वाढवला की पैसा खासगी दवाखान्यांकडं वळतो. तोच सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात घाला. मुलांचे डॉक्टर भरा, नवजात विभागात खाटा वाढवा. कोकणातनं, सीमाभागातनं पेशंट येतात तिथं. नुसत्या कार्डानं डॉक्टर तयार होत नाही.

कागलची_सिस्टर:
दोघांचंबी बरोबर हाय, पण एक राहिलं. ह्यो विमा ॲडमिट झाल्यावरच लागू होतोय. पोरांचा खर्च ओपीडीतच जातोय: ताप, खोकला, नेब्युलायझर, रक्त तपासणी. ते कोण देत न्हाई. आणि आजार आधी सापडाय तर पायजे! पोरांची तपासणी करणारं सरकारी बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातनं दोनदा, शाळेत एकदा येतंय. आमच्याकडं एक पोरगी खेळता खेळता मध्येच उकिडवी बसायची. आई म्हणायची, दमली असंल. रडताना ओठ निळे पडल्यालं पथकाच्या डॉक्टरनी बघितलं, लगेच टू-डी इकोला, म्हंजी हृदयाच्या सोनोग्राफीला पाठवलं. हृदयात जन्मजात दोष निघाला, ऑपरेशन मोफत झालं. माझ्या मते पैसा पहिला त्या पथकांना द्या.

शाहूपुरी_ते_शिकागो:
इथं अमेरिकेत हा वाद जुना आहे. मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यात बसत नाहीत आणि खासगी विमाही परवडत नाही, अशा घरांतल्या मुलांसाठी १९९७ पासून 'चिप' योजना आहे. २००७ मध्ये ती वाढवणारं विधेयक तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी दोनदा नाकारलं. लोक खासगी विमा सोडून सरकारी घेतील, हा त्यांचा आक्षेप. २००९ मध्ये ओबामांनी सही केली, पैसा सिगारेटवरचा कर वाढवून उभा केला. पण तरतूद मुदतीची. ३० सप्टेंबर २०१७ ला ती संपली आणि नवी व्हायला जानेवारी २०१८ उजाडला. मधे काही राज्यांनी आईबापांना विमा बंद पडू शकतो अशी पत्रंही धाडली. तेव्हा ताई, मागाल ते कायद्यात बसवून मागा.

शिवणकाम_राजारामपुरी:
रंकाळा दादा, सीपीआरला पैसा हवाच, त्यात वाद नाही. पण पोराचं ऑपरेशन डॉक्टर भरेपर्यंत थांबत नाही. गटातर्फे आमदारांना निवेदन देतोय. त्यात मुलांचे वेगळे ५ लाख, ओपीडी आणि तपासणी पथकं, तिन्ही घालते. तंबाखूवरच्या कराचंही लिहिते. सिस्टर, टू-डीला पाठवलं की आईला गाडीभाडं मिळतं का? आमच्या गटातल्या दोघी त्यापायीच गेल्या नाहीत.