अनुभव धागा : गावाकडचे घर आणि जुनी पेन्शन

धागा सुरू करताना

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांमधून, म्हणजेच जुन्या पेन्शनमधून, वगळून त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना (कर्मचारी आणि शासन यांच्या दरमहाच्या ठरावीक वर्गणीवर चालणारी) आणली गेली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीला जोडली गेली. या निर्णयाची चर्चा बहुतेक वेळा राज्याच्या तिजोरीपासून सुरू होते आणि तिजोरीपाशीच संपते. विदर्भातल्या कोरडवाहू गावांत जुन्या पेन्शनने काय सावरले आणि ती गेल्यावर काय उघडे पडले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनीच लिहावे, यासाठी हा धागा आहे. माझे मत स्पष्ट आहे. पेन्शन म्हणजे केलेल्या कामाची मागे ठेवलेली मजुरी. नकारा खटल्याच्या निकालात १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शासनाची मेहेरबानी नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे असे सांगितले, आणि मला आजही तेच मान्य आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही अवश्य लिहावे. कार्यालयांची आणि व्यक्तींची नावे मात्र टाळावीत.

निवृत्त मुख्याध्यापक, दारव्हा तालुका

मी जुन्या पेन्शनचा लाभार्थी आहे. अंतिम मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर सेवेतल्या कर्मचाऱ्यांप्रमाणे वाढणारा महागाई भत्ता, एवढाच त्याचा हिशेब आहे. निवृत्त होताना पेन्शनचा काही भाग विकून, म्हणजे त्याची रक्कम एकदमच घेऊन, मी घराचे छत स्लॅबचे केले. विकलेला तो भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो, हे नव्या लोकांना फारसे ठाऊक नसते.

माझ्या दोन्ही भावांचे वावर माझ्या वावराला लागून आहे. कपाशी आणि तूर ही आमची पिके. मृग लागला की बियाणे आणि खते घ्यावी लागतात, आणि त्या वेळी मागच्या हंगामाचे पैसे कोणाच्याच हातात उरलेले नसतात. कृषी केंद्राचा दुकानदार भावांना उधारी देतो ती मी सोबत गेल्यावरच देतो. त्याच्या वहीत नाव भावाचे असते आणि त्याखाली कंसात ‘गुरुजी’ असे लिहिलेले असते. ज्या वर्षी बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी ती उधारी माझ्या पेन्शनमधून फिटली. भावाला सावकाराकडे जावे लागले नाही. आमच्या जिल्ह्यात सावकाराच्या दारी जाण्याचा शेवट कुठे होतो, हे मी इथे लिहीत नाही.

माझ्या पेन्शनला एका निवृत्त माणसाचा खर्च समजणाऱ्यांनी ती वही एकदा पाहावी. तिच्यात तीन घरांची नावे आहेत.

जिल्हा परिषद शिक्षिका, धारणी तालुका

मी शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा दरमहा तीन हजार रुपये मानधन होते आणि तीन वर्षे त्यातच काढावी लागली. नियमित झाल्यावर मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कपात सुरू झाली. तेवढीच रक्कम शासन भरणार होते, आणि २०१९ पासून शासनाचा वाटा १४ टक्के झाला. कागदावर हे नीट दिसते. प्रत्यक्षात आमच्याकडे अनेक वर्षे कपात होत राहिली, पण खात्यात किती जमा झाले याची चिठ्ठी हाती पडत नव्हती. नव्या प्रणालीत खाते उघडल्यावर आधीच्या कपातीची रक्कम तिकडे वळवायची होती. माझ्या पगारपत्रकातल्या कपाती आणि खात्यात दिसणारा आकडा यांचा मेळ आजही बसलेला नाही. संबंधित कार्यालयात विचारणा केली की जुनी पगारपत्रके आणा असे सांगतात. मी ती सगळी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहेत. पावसाळ्यात शाळेच्या खोलीला ओल येते म्हणून ती पेटी उन्हाळ्यापुरतीच शाळेत असते, एरवी घरी खाटेखाली असते.

दारव्ह्याच्या गुरुजींना निवृत्तीआधीच पेन्शनचा आकडा काढता येत होता. मला तो काढता येत नाही. निवृत्तीच्या वेळी जमा रकमेच्या किमान ४० टक्के भागातून विमा कंपनीची वार्षिकी (ठरलेल्या रकमेची पेन्शन) घ्यायची, आणि तिची रक्कम त्या दिवशी बाजाराने दिलेल्या दरावर ठरणार. त्यात महागाई भत्ता नाही. तेल आणि डाळ महाग झाली तरी आकडा तोच राहणार.

माध्यमिक शिक्षक, खासगी शाळा, मेहकर तालुका

माझी नेमणूक २००५ च्या आधीची आहे, तरीही मला जुनी पेन्शन नाही. आमची शाळा सुरुवातीला विनाअनुदानित होती आणि तिला शंभर टक्के अनुदान १ नोव्हेंबर २००५ नंतर मिळाले, म्हणून आमची सेवा नव्या योजनेत धरली गेली. बिनपगारी काम करताना मी सकाळी शाळा आणि दुपारनंतर दुसऱ्याच्या शेतात काम केले आहे. शासनाने शाळेला टप्प्याटप्प्याने अनुदान दिले, त्या प्रत्येक टप्प्याच्या विलंबाची किंमत आता आमच्या म्हातारपणाकडून वसूल होत आहे.

सेवानिवृत्त ग्रामसेवकांचा मुलगा, अर्जुनी मोरगाव तालुका

वडील गेले, नंतर आईही गेली. धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे आणि तो स्वतःची उपजीविका करू शकत नाही. जुन्या नियमांत अशा अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. प्रमाणपत्रासाठी धावपळ झाली, पण ते सुरू झाले. धानाच्या दोन बांध्यांवर मी त्याला सांभाळू शकलो नसतो.

निवृत्त एसटी वाहक, चिखली तालुका

इथे सर्वजण राज्य शासनाच्या पेन्शनविषयी लिहीत आहेत, म्हणून आमचीही बाजू मांडतो. एसटी महामंडळाच्या आम्हा कर्मचाऱ्यांना भविष्य निर्वाह निधीची ईपीएस-९५ ही पेन्शन आहे. मालकाच्या वर्गणीतून वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम या योजनेत जाते, तीही ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच. ती मर्यादा वर्षानुवर्षे ६,५०० रुपये होती आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये झाली. किमान पेन्शन १,००० रुपये आहे. मला तीन हजारांच्या आतबाहेर मिळतात आणि निवृत्त झालो तेव्हापासून त्यात एक रुपयाही वाढलेला नाही, कारण या पेन्शनला महागाई भत्ताच नाही. आयुष्यभर नोकरी करून निश्चित वाढणारी पेन्शन नसली तर काय होते, याचे उत्तर ज्यांना हवे असेल त्यांनी बुलढाण्यात साखळी उपोषणाला बसलेल्या ईपीएस पेन्शनरांना विचारावे. ही सगळी माणसे घाम गाळून निवृत्त झालेली आहेत.

कास्तकार, समुद्रपूर तालुका

माझे मत वेगळे आहे आणि ते धागाकर्त्यांनी मागितले म्हणून लिहितो. माझ्याकडे कोरडवाहू वावर आहे. केंद्राचे वर्षाला सहा हजार आणि राज्याचे सहा हजार, एवढाच मला शासनाकडून मिळणारा निश्चित पैसा आहे. मीही साठ वर्षे राबलो. नोकरी करणाऱ्याला मरेपर्यंत पेन्शन आणि पिकवणाऱ्याला काहीच नाही, हे मला टोचते. मोर्चे निघतात तेव्हा आमच्या म्हातारपणाविषयी कोणी बोलत नाही. असे असले तरी गुरुजींनी वहीविषयी लिहिले ते खरे आहे, माझ्या गावातही तसेच आहे. चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) अडकला की आम्ही पेन्शन असलेल्या घरीच जातो. ती घरे कमी झाली तर आमचे अधिकच कठीण होईल. म्हणून त्यांची काढून घ्या असे मी म्हणणार नाही, आम्हालाही द्या असे म्हणेन.

निवृत्त लेखा कर्मचारी, वरोरा तालुका

समुद्रपूरच्या भाऊंचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तिजोरीच्या प्रश्नाविषयी थोडे लिहितो, कारण माझी नोकरीच बिले तपासण्यात गेली. जुन्या पेन्शनकडे परतणाऱ्या राज्यांना रिझर्व्ह बँकेने सावध केले आहे, आणि ती चिंता खोटी नाही. पेन्शनचा भार पुढे वाढतोच. पण नव्या योजनेत शासन दरमहा १४ टक्के रोख आज बाहेर टाकते आणि २००५ पूर्वीच्या लोकांची पेन्शनही आजच देते, म्हणजे बचत झाली तर ती फार पुढे होणार आहे. दोन्ही खर्च एकाच वेळी चालू असताना ‘तिजोरी वाचली’ असे म्हणणे घाईचे आहे. शिवाय बाजार पडल्याचा धोका जुन्या योजनेत शासन उचलत होते, आता तो धारणीच्या त्या ताई उचलत आहेत. धोका नाहीसा झालेला नाही. तो कमी ताकदीच्या माणसाकडे सरकला आहे.

वनरक्षकाची पत्नी, सिंदेवाही तालुका

माझे यजमान २००५ नंतरच्या भरतीतले होते. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा तेही गेले होते. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ असे छापलेली पांढरी टोपी घालून ते घरी आले, मुलांनी ती ओढून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस शासनाने निर्णय काढला की नव्या योजनेतला कर्मचारी सेवेत असताना गेला तर त्याच्या कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी) मिळेल. त्याआधी, दहा वर्षांच्या आत मृत्यू आल्यास दहा लाखांचे सानुग्रह अनुदान आणि खात्यातली जमा, एवढ्यावरच अनेक कुटुंबांची बोळवण झाली होती.

पुढच्या वर्षी यजमान आजारपणात गेले. आज मला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीची वर्षे जास्त दराने आहे, नंतर ते अंतिम वेतनाच्या ३० टक्के होईल. मुलगी ब्रह्मपुरीला शिकते, तिच्या खोलीचे भाडे यातूनच जाते. पहिली रक्कम जमा झाली तेव्हा बँकेतल्या बाईंनी पासबुकावर छापलेली ओळ मला बोटाने दाखवली होती. संपामुळे शाळा आणि दवाखाने बंद राहिले म्हणून त्या वेळी गावात पुष्कळ जण रागावले होते. त्यांचा राग मी समजू शकते, पण त्या संपाने माझे घर राखले आहे.

जिल्हा परिषद शिक्षक, एटापल्ली तालुका

केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि लगेच राज्याच्या मंत्रिमंडळानेही ती स्वीकारली, त्यामुळे आता प्रश्न मिटला असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. त्यात वेतनाच्या पूर्ण ५० टक्के पेन्शनसाठी २५ वर्षांची सेवा लागते आणि पगारातली १० टक्के कपात सुरूच राहते. राज्यात २०१२ पासून शिक्षक भरती कित्येक वर्षे बंद होती आणि पवित्र पोर्टलमधून ती २०१९ मध्ये सुरू झाली. त्या काळात आम्ही पदविका हातात घेऊन तेंदूपान संकलनाच्या फळीवर आणि रोजगार हमीच्या कामावर होतो. माझ्यासारख्या पस्तिशी ओलांडून लागलेल्या शिक्षकाची ५८ व्या वर्षापर्यंत २५ वर्षे भरतच नाहीत. भरती शासनाने थांबवली होती, आम्ही थांबलो नव्हतो. पुढच्या निवेदनात सेवेच्या वर्षांची ही अट सर्वांत आधी लिहिली जावी, अशी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. माझ्याबरोबर लागलेल्या शिक्षकांच्या नेमणुकीच्या तारखा मी गोळा करत आहे, त्या निवेदनाला जोडता येतील.