दरडोई उत्पन्नावरून जिल्ह्यांची क्रमवारी लावताना

महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांमधल्या कमाल आणि किमान दरडोई उत्पन्नाचं गुणोत्तर काढून विषमता वाढल्याचं कधीकधी म्हटलं जातं. या मापात फक्त दोन टोकं मोजली जातात. मधल्या जिल्ह्यांचं काहीही झालं तरी आकडा हलत नाही. त्यापेक्षा लोकसंख्याभारित विचरण गुणांक काढा, म्हणजे जिल्ह्यांचे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते सांगणारं माप, ज्यात जास्त लोकसंख्येच्या जिल्ह्याला जास्त वजन मिळतं. प्रत्येक जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नातून राज्याची सरासरी वजा करा, फरकाचा वर्ग करा, त्याला जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या हिश्श्याने गुणा. सगळ्यांची बेरीज करून वर्गमूळ घ्या आणि सरासरीने भागा. भार दिला नाही तर सिंधुदुर्ग आणि पुणे एकाच मापाने मोजले जातात.

यातही एक खोच आहे. 2014 मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला. जिल्हा फोडला की गुणांक वाढतो, निदान कमी तरी होत नाही, आणि जमिनीवर काहीच बदललेलं नसतं! म्हणून कालमालिकेसाठी, म्हणजे वर्षानुवर्षांच्या तुलनेसाठी, दोन्ही जिल्हे एकत्रच धरा.

दुसरं, जिल्हा उत्पन्न म्हणजे तिथे झालेलं उत्पादन. वसईहून मुंबईला कामाला जाणाऱ्याची कमाई मुंबईच्या खात्यात पडते. राहणीमान पाहायचं असेल तर उपभोग खर्च किंवा घरातल्या सोयी बघाव्यात.

महाराष्ट्रातला प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने (1983-84) उत्पन्नाऐवजी रस्ते, सिंचन, वीज अशा क्षेत्रांत राज्य सरासरीपेक्षा किती कमी, तो ‘अनुशेष’ मोजला. मात्र हा अनुशेषही जिल्ह्याच्या सरासरीवरून काढलेला आहे. जिल्ह्याच्या आतला कोरडा तालुका त्या सरासरीत दिसत नाही.