परदेशी शिकायला जाताना आधी विषय ठरवायचा की देश?

खाडीकाठ, रत्नागिरी
माझी पुतणी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवीधर झाली. पुढचं शिक्षण बाहेर घ्यायचं म्हणते, म्हणून ओटीवर घरातल्या सगळ्यांची बैठक बसली. मामा म्हणाले कॅनडा, आत्या म्हणाली ऑस्ट्रेलिया. ज्या सल्लागाराकडे गेलो त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "बजेट किती, आणि पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, हवाय का?" पोरीला कोळंबीच्या रोगांवर काम करायचंय, हे तिचं म्हणणं कोणी पुरतं ऐकूनच घेतलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे देश आधी ठरतो आणि मग तिथे मिळेल तो दोन वर्षांचा कोर्स गळ्यात पडतो. देशांचे नियम मात्र एका रात्रीत फिरतात. कॅनडाने २०२४च्या जानेवारीत विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि राहण्याखाण्यासाठी दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २०,६३५ वर नेली. त्याच वर्षी जुलैत ऑस्ट्रेलियाने व्हिसाची फी ७१० डॉलरवरून १,६०० केली. नुसता देश बघून गेलेल्या पोराच्या हाती अशा वेळी काय उरतं? आपल्याच दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पु. परांजपे केंब्रिजला गणितासाठी गेले, १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, आणि परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. त्यांचा विषय ठरलेला होता.

चिपळूणची ताई
दादा, परांजप्यांना सरकारी शिष्यवृत्ती होती. मंडणगडचं आंबडवे ज्यांचं मूळ गाव, ते बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. ज्याला फेडायचं नसतं त्याला विषय निवडता येतो.

माझ्या मुलाच्या वेळी बँकेने तारण मागितलं. आमच्या सातबारावर २३ नावं. त्यातली चार माणसं वारलेली, दोघं मुंबईत, एकाचा पत्ताच नाही. शिवाय शेतजमीन चालत नाही म्हणाले. शेवटी राहतं घर ठेवलं. ३० लाखांवर १० टक्के धरा, नुसतं व्याज महिन्याला २५ हजार होतं. असं कर्ज डोक्यावर असलेला पोरगा शिकून झाल्यावर किती वर्षं काम करू देतात हेच आधी बघणार. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर १२ आणि वर २४, असे ३६ महिने मिळतात, म्हणून तो तिथे गेला. त्याला लोभी म्हणू नका.

खाडीकाठ
ताई, लोभी मी म्हटलं नाही. पण घर गहाण टाकून न आवडणारा कोर्स करणं यात धोका दुप्पट आहे, कमी नाही.

वेंगुर्लेकर
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. मुळात एवढं जायचंच कशाला? दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तुमचं शिरगावचं कॉलेज आहे. आमच्याकडे पूर्वी म्हणायचे, "झील बोटीर गेलो", म्हणजे पोरगा बोटीवर गेला. आता "झील कॅनडाक गेलो" म्हणतत. आजोबा गिरणीत, काका आखातात, आणि आता नातू तिकडे. गणपतीत आरतीला उभं राहायला माणूस उरत नाही. माझ्या वाडीत नऊ घरांना कुलूप आहे, हे मी मोजून सांगतो.

चिपळूणची ताई
वेंगुर्लेकर, कुलुपं मलाही दिसतात. पण ती शिक्षणाने लागली नाहीत. त्यातली बहुतेक मुंबईला गेलेल्यांची असतील, बघा.

एल्बेकाठचा दापोलीकर
मी दोन वर्षं जर्मनीत आहे, म्हणून थोडं पैशाचं सांगतो. इथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, फक्त सत्रशुल्क. अपवाद आहेत: बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्य आपल्या भारतीय मुलांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी सुरू केली आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात, म्हणजे १२ लाखांच्या आसपास. हे पैसे आपलेच असतात, महिन्याला ९९२ युरो हातात येतात. भारतातली शिक्षणाची कागदपत्रं एपीएस या जर्मन पडताळणी कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागतात, ते उशिरा करू नका.

आता कडू भाग. कोर्स इंग्रजीतून मिळतो, नोकरी नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. माझ्याबरोबरचे दोघे जर्मन न शिकल्यामुळे त्यातले १० महिने गोदामात खोकी उचलत होते. पुतणीसाठी इथलं ब्रेमेन विद्यापीठ बघा. तिथे उष्ण प्रदेशातल्या पाण्याच्या परिसंस्थांवर इंग्रजीतून मास्टर्स आहे. नॉर्वे मत्स्यशेतीत फार पुढे आहे, पण २०२३ पासून युरोपाबाहेरच्यांना तिथे फी लागते.

चिपळूणची ताई
हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर घर मोकळं राहिलं असतं. सल्लागाराने जर्मनीचं नावही काढलं नाही.

खाडीकाठ
दापोलीकर, आभारी आहे. ताई, तुमचंही एक मान्य करतो: शिष्यवृत्ती नसताना विषयाचा हट्ट मी सहज धरला. पण बिनफीचा रस्ता असताना तो न दाखवणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो राहणार.

पुतणीने जर्मनचा ऑनलाइन वर्ग लावला आहे. घरात रेंज येत नाही, म्हणून रात्री साडेआठला ती विहिरीच्या कठड्यापाशी खुर्ची टाकून बसते. दापोलीकर, ब्रेमेनला खोली किती महिने आधी शोधायला लागते, तेवढं सांगा.