आईच्या मनगटाला प्लास्टर, बोटं सुजलीत आणि मुंग्या येतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आई (वय ६६) गावी असते, कराडपासून आत. मी पुण्यात. १२ दिवसांपूर्वी मोरीतल्या ओल्या शहाबादीवरून ती घसरली आणि पडताना उजवा हात टेकवला. मनगटाच्या वरचं हाड मोडलं, डॉक्टर कोलीज फ्रॅक्चर म्हणाले. भूल देऊन हाड ओढून बसवलं आणि आधी कच्चं प्लास्टर घातलं, म्हणजे अर्धवट पट्टी आणि वरून बँडेज, कारण सुरुवातीला सूज वाढते आणि गोल प्लास्टर घातलं तर आत जागाच राहत नाही. ३ दिवसांपूर्वी, म्हणजे नवव्या दिवशी, पक्कं घातलं. ते ओलं असताना हाताला गरम लागलं म्हणून आई घाबरली होती, पण पाणी लागलं की ते गरम होतंच असं तिथल्या कंपाउंडरने सांगितलं, ते ठीक.

आता खरा प्रश्न. परवापासून अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट यांना मुंग्या येतायत, रात्री जास्त, आणि बोटं केळ्यासारखी फुगलीत. करंगळीला काही नाही. आई म्हणते दुखतंय पण सहन होतंय, ती सगळ्यालाच असं म्हणते त्यामुळे मला काही कळत नाही. दवाखान्यात फोन केला तर "प्लास्टरमध्ये थोडी सूज असतेच, सोमवारी दाखवा" एवढंच उत्तर. आज शुक्रवार. इकडे मामा म्हणतोय की प्लास्टर काढून टाका, हाडवैद्याकडे नेऊ, कांडवेलीचा लेप आणि तेलाने चोळलं की ३ आठवड्यात हात मोकळा. मला ते अजिबात पटत नाहीये, बसवलेलं हाड चोळलं तर सरकणार नाही का? पण सोमवारपर्यंत थांबणंही पटत नाहीये. इथे कुणी डॉक्टर किंवा फिजिओ असतील, किंवा कुणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज लगेच सांगा.

अपडेट, रात्री ११:२०

एवढ्या पटकन उत्तरं दिलीत, खरंच खूप आधार वाटला. तुमच्यापैकी तिघांनी सांगितलं तसं भावाला व्हिडिओ कॉलवर घेऊन सगळं बघितलं. नख दाबून सोडलं तर २ सेकंदांच्या आसपास परत गुलाबी होतंय, बोटं गारही नाहीत. पण त्याने दुसऱ्या हाताने तिची बोटं हळूच सरळ केली तर कळ आली आणि अंगठ्याच्या टोकाला टाचणी टोचल्यावर नीट समजलं नाही. आणि ज्यांनी अंगठीचं विचारलं त्यांचे तर पाय धरावेत, तिच्या त्याच हाताच्या बोटात सोन्याचं वेढणं आहे, आजीचं, २५ वर्षं काढलेलं नाही, आणि ते आता मांसात रुतलंय. पहिल्या दिवशी बांगड्या काढल्या पण वेढण्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही, माझंही नाही. आणखी एक दिसलं, झोळी इतकी सैल बांधलीय की हात कोपरापेक्षा खाली लोंबतोय. आता उशांवर हात छातीपेक्षा वर ठेवलाय. भाऊ गाडी काढतोय, कराडला दुसऱ्या दवाखान्यात रात्रीचे हाडांचे डॉक्टर आहेत.

अपडेट, शनिवार दुपार

बरं झालं गेलो. डॉक्टरांनी एका मिनिटात प्लास्टर उभं चिरलं, आतल्या कापसासकट, कारण कापूस तसाच ठेवला तर दाब सुटत नाही. ती घरघर करणारी करवत बघून आईने डोळे गच्च मिटले पण ती नुसती थरथरते, कातडीला लागत नाही म्हणे. वेढणं कापून काढलं, आई त्यालाच जास्त रडली. अर्ध्या तासात मुंग्या कमी! कारण असं सांगितलं की मनगट फार खाली वाकवून बांधलं होतं, त्यात सूज, त्यामुळे तळहाताकडे जाणारी नस दबत होती, आणि ती नस अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतच्या भागाला जाते, म्हणून करंगळी शाबूत. सोमवारपर्यंत थांबलो असतो तर नस कायमची अधू होऊ शकली असती. हे ऐकल्यापासून माझे हातपाय कापतायत. घरी पाठवताना कुठल्या लक्षणांना ताबडतोब परत यायचं हे एका चिठ्ठीवर लिहून द्यायला काय जातं हो, आईसारखी माणसं विचारत नाहीत.

एक्सरेत हाड जागेवर आहे. मनगट जरा सरळ ठेवून परत कच्चं प्लास्टर घातलंय, पुढच्या आठवड्यात पुन्हा एक्सरे, कारण पहिल्या २-३ आठवड्यात हाड हळूच सरकू शकतं.

खाज सुटते तेव्हा आई विणायची सुई आत घालत होती, तेही बंद केलंय, आत जखम झाली तर दिसतच नाही.

अपडेट, सहा आठवड्यांनंतर (पुन्हा मदत हवी आहे)

परवा प्लास्टर काढलं. एक्सरे चांगला आहे, मुंग्या पूर्ण गेल्या. पण हात बघून आई गप्प झाली, बारीक झालाय, कातडी सुटतेय, मूठ अर्धीच वळते. प्लास्टरमध्ये असताना दर तासाला बोटं उघडमीट करा, खांदा वर न्या असं सांगितलं होतं, मी फोनवर रोज विचारायचे, ती हो म्हणायची, आणि आता कळतंय की भीतीने हलवतच नव्हती. खांदाही आखडलाय.

आता वेल्क्रोचा ब्रेस दिलाय, आत धातूची पट्टी असलेला. डॉक्टर म्हणाले की २-३ आठवडे फक्त झोपताना आणि एसटीने जाताना लावा, घरात काढून कोमट पाण्यात हात हलवा. आई मात्र तो दिवसभर काढायला तयार नाही, ब्रेस काढला की हात परत मोडेल असं तिच्या मनात बसलंय, आणि मामाचं तेल-चोळणं अजून चालूच आहे बाजूने.

ज्यांच्या आईवडिलांनी यातून हात परत मिळवलाय त्यांनी सांगा, त्यांना ब्रेस सोडायला कसं तयार केलंत? मी ओला टॉवेल पिळायला देऊ का, की कणीक मळायला, आत्ता कुठलं चालेल? साध्या पडण्याने हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी डेक्सा टेस्ट (हाडं किती ठिसूळ झालीत ते बघायची) आणि व्हिटॅमिन डी करायला सांगितलंय, ते पुढच्या आठवड्यात पुण्यात आणून करतेच आहे. पण आई रोज एकच विचारते, तिला भाकरी थापता येईल का आणि किती महिन्यांनी, तर ज्यांना खरंच अनुभव आहे त्यांनी खरा आकडा सांगा प्लीज, मी तिला वाचून दाखवणार आहे.